जुन्या लष्करी कोटावरचा बिल्ला कसा पारखावा?

कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे अशी कितीतरी घरे सापडतील, की जिथे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक खाकी कोट डांबरगोळ्यांच्या सोबतीने घडी होऊन पडलेला असतो. आजोबा किंवा पणजोबा पलटणीत होते, मोठ्या लढाईत गेले होते, यापलीकडे घरात फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या कोटाच्या बाहीवर, खांद्याच्या शिवणीखाली शिवलेला दोन-अडीच इंचांचा कापडी तुकडा मात्र पुष्कळ काही सांगू शकतो. तो माणूस आफ्रिकेच्या वाळवंटात लढला, इटलीच्या डोंगरांत की ब्रह्मदेशाच्या जंगलात, याचा धागा त्या तुकड्यात सापडतो. अट एवढीच, की तो तुकडा मुळापासून त्याच कोटावर असला पाहिजे.

या अटीला अलीकडे फार महत्त्व आले आहे. दुसऱ्या महायुद्धातील गणवेशांना जगभरातील संग्राहकांकडून मागणी असते. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि इंटरनेटवरील लिलाव या सर्व ठिकाणी असे कोट अधूनमधून दिसतात. साध्या कोटापेक्षा बिल्ला असलेल्या कोटाला अधिक भाव येतो आणि नावाजलेल्या डिव्हिजनचा बिल्ला असेल तर त्याहूनही अधिक. साहजिकच, बिल्ला नसलेल्या खऱ्या कोटावर नंतर बिल्ला चढविला जातो. कधी हे काम फसवणुकीच्या हेतूने होते, तर कधी चित्रपटासाठी किंवा नाटकासाठी कपडे पुरविणाऱ्याने निरागसपणे केलेले असते. परिणाम दोन्ही वेळा सारखाच. विकत घेणाऱ्याचे पैसे जातात, हे झालेच. पण ज्याने तो कोट घातला त्या शिपायाच्या नावावर त्याने न लढलेली लढाई मांडली जाते आणि त्याने खरोखर लढलेली लढाई पुसली जाते.

मुका राहण्यासाठीच केलेले चिन्ह

लष्करी परिभाषेत या बिल्ल्याला 'फॉर्मेशन साइन' म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या तुकड्यांनी गाड्यांवर, फलकांवर आणि पुढे गणवेशावर अशी चिन्हे वापरली. हेतू असा, की आपल्या माणसाला आपली तुकडी ओळखता यावी, परंतु शत्रूच्या हाती क्रमांक लागू नये. अमेरिकी सैन्यात बाहीवरील बिल्ल्याचा मान १९१८ साली ८१ व्या डिव्हिजनच्या रानमांजराकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत सार्वत्रिक झाली. म्हणूनच बहुतेक चिन्हांवर नाव नसते, आकडा नसतो. असतो तो एखादा प्राणी, शस्त्र किंवा भौमितिक आकार.

हिंदी सैन्याची काही चिन्हे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचे काळ्या चौकोनावरील लाल वर्तुळ म्हणजे 'बॉल ऑफ फायर', सातव्या डिव्हिजनचा सोनेरी बाण, आठव्या डिव्हिजनची लाल पार्श्वभूमीवरील पिवळी क्लोव्हरची पाने, सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर, एकोणिसाव्या डिव्हिजनची कट्यार रोखलेली मूठ, तेविसाव्या डिव्हिजनचा झुंजणारा कोंबडा. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेच्या लाल ढालीवर तलवारीचे टोक खाली आहे. शिष्टसंमत चिन्हशास्त्रात तलवार अशी उलटी दाखवीत नाहीत. पण सेनापती विल्यम स्लिम यांनी ती जाणूनबुजून तशी ठेवली, कारण त्यांना ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरत जिंकायचा होता.

मराठी वाचकाला यातील काही चिन्हे अधिक जवळची वाटतील. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन पाचव्या डिव्हिजनमधून लढली. पुढे हीच बटालियन इटलीत दहाव्या डिव्हिजनमध्ये होती आणि तिच्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजीच्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर हाच सन्मान मिळविला. त्यांची पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये होती. सांगायचे कारण असे, की एकाच रेजिमेंटच्या दोन बटालियनचे बिल्ले वेगळे असत आणि एकाच बटालियनचा बिल्ला काळानुसार बदले. 'मराठा पलटणीचा बिल्ला' म्हणून कोणी डिव्हिजनचे चिन्ह दाखवू लागला, तर पहिला प्रश्न विचारावा तो बटालियनचा आणि दुसरा सालाचा.

दर्शनी बाजूवर भरवसा नको

चित्र बरोबर आहे, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. चित्र तर पुस्तकात पाहून कोणीही काढू शकतो. त्यातही आपल्याकडे एक मोठी अडचण आहे. यातील कित्येक चिन्हे स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात चालू राहिली. लाल गरुड, बॉल ऑफ फायर, काळे मांजर, कट्यार, कोंबडा ही चिन्हे आजच्या डिव्हिजनही अभिमानाने वापरतात. तेव्हा १९७० सालचा लाल गरुड हा खोटा नसतो. तो केवळ १९४२ सालचा नसतो. बाजारात 'महायुद्धातला' म्हणून खपविल्या जाणाऱ्या हिंदी बिल्ल्यांमध्ये असे पुढच्या काळातले खरे बिल्लेच अधिक धोकादायक, कारण त्यांच्यात कृत्रिमपणा शोधून सापडत नाही.

म्हणून बिल्ला आधी उलटा करून पाहावा. कोटावर शिवलेला असेल, तर एखादी उसवलेली कडा हलकेच उचलून भिंगातून पाहावे. युद्धकाळातील बिल्ले अनेक तऱ्हांनी बनत. इंग्लंडमध्ये फेल्ट किंवा लोकरी कापडावर भरतकाम केलेले, रेशमासारख्या धाग्यात विणलेले आणि युद्धातील टंचाईत सुती कापडावर नुसते छापलेले असे प्रकार दिसतात. छापील बिल्ला बघून अनेक जण नाक मुरडतात, तो स्वस्त नक्कल वाटतो. वस्तुतः छापील बिल्ले हे त्या काळाचे अगदी अधिकृत उत्पादन होते. भारतात, कैरोत आणि इटलीत स्थानिक कारागीर फेल्टचे आकार कापून एकावर एक शिवत, किंवा खाकी ड्रिलवर हाताने चालविलेल्या यंत्राने भरत.

हाताने चालविलेल्या यंत्राचे काम कधीही पूर्ण सारखे नसते. टाके कुठे दाट, कुठे विरळ; गरुडाच्या एका पंखाला सात रेघा, तर दुसऱ्याला आठ. मागील बाजूस दोऱ्यांचा गुंता आणि तोडलेली टोके दिसतात. संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्रांचा सर्वत्र प्रसार १९८० नंतर झाला. त्या कामात टाक्यांची घनता एकसारखी असते, खालचा दोरा नीट, बहुधा पांढरा असतो आणि मागे कागदासारखे न विणलेले अस्तर आढळते. एकाच विक्रेत्याकडचे दोन बिल्ले शेजारी ठेवले आणि दोहोंत टाक्याला टाका जुळला, एकातली चूकसुद्धा दुसऱ्यात त्याच जागी सापडली, तर दोन्ही एकाच संगणकीय आराखड्यातून निघाले असे समजायला हरकत नाही.

अमेरिकी बिल्ल्यांसाठी एक सोपी खूण आहे. महायुद्धातील बहुतेक बिल्ल्यांची कड भरतकामाबरोबरच कापलेली, सपाट असते. कडेभोवती दोरखंडासारखी जाड, गुंफलेली किनार रूढ झाली ती १९६० च्या दशकात. अशी किनार असलेला 'नॉर्मंडीचा' बिल्ला कोणी दाखविला, तर पुढची चौकशी करण्याचे कारण नाही.

दोऱ्याची साक्ष

पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला, परंतु शिवणाच्या दोऱ्यात तो आला युद्धानंतर बऱ्याच काळाने. बिल्ल्याच्या भरतकामात किंवा तो कोटावर टाचणाऱ्या दोऱ्यात पॉलिएस्टर असेल, तर ते काम युद्धकाळातले नव्हे. उलट चकाकी दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नये; रेयॉन म्हणजे कृत्रिम रेशीम त्या वेळी सर्रास वापरात होते.

सुटलेल्या दोऱ्याचे अगदी लहान टोक चिमट्यात धरून जाळण्याची परीक्षा जुनी आहे. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो, लोकर केस जळल्यासारखी घाण मारते आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा सुट्या टोकावरच करावी. बिल्ल्याला काडी लावणारे शूर लोकही असतात, म्हणून सांगावे लागते.

दुसरी परीक्षा अतिनील प्रकाशाच्या विजेरीची. अंधाऱ्या खोलीत तो प्रकाश टाकला, की आधुनिक दोरे निळसर पांढरे झळकतात, कारण त्यांत कपडा शुभ्र दिसावा म्हणून घातलेली रसायने असतात. ही रसायने युद्धानंतरच्या काळात प्रचारात आली. संग्राहकांचा या परीक्षेवर फार विश्वास आहे, माझ्या मते जरा जास्तच. आपल्या घरांत काय घडते ते पाहा. भारतात सर्फ आले १९५९ साली. त्यानंतर आजीने वर्षाकाठी एकदा तो कोट काढून साबणाच्या पावडरीत बुचकळला असेल, वर टिनोपॉलही घातले असेल, तर अस्सल १९४३ सालचा बिल्लाही या प्रकाशात दिव्यासारखा झळकेल. आणि जुन्या न वापरलेल्या सुती दोऱ्याने आज बनविलेला खोटा बिल्ला काळाकुट्ट राहील. म्हणून झळकणे हा पुरावा नव्हे, तो केवळ प्रश्न आहे. बिल्ला झळकतो आणि खालचा कोट झळकत नाही, असे असेल तर मात्र तो प्रश्न गंभीर होतो. कारण धुताना दोघे एकाच बादलीत असायला हवे होते.

सर्वांत अवघड प्रकरण: जरीचे बिल्ले

चीन, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान या रणक्षेत्रात आलेल्या अमेरिकी सैनिकांचा एक बिल्ला प्रसिद्ध आहे. ढालीच्या आकारात वर निळ्या पट्टीवर चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेतून येणाऱ्या साध्या बिल्ल्यांपेक्षा कोलकात्यासारख्या शहरांतील कारागिरांनी कलाबतूने भरलेले किंवा चामड्यात कापून रंगविलेले बिल्ले या सैनिकांना अधिक आवडत. शिंप्याकडे कोट शिवायला टाकायचा आणि बिल्लाही त्याच्याकडूनच करून घ्यायचा, अशी पद्धत होती. आज संग्राहक याच 'स्थानिक बनावटीच्या' बिल्ल्यांना सर्वाधिक भाव देतात.

या बिल्ल्यांना ठरलेला नमुना नाही. ताऱ्याची टोके कमी-जास्त, पट्ट्यांची संख्या चुकलेली, रंग हाताशी होते ते. त्यामुळे 'नमुन्याशी जुळत नाही' हा इतरत्र उपयोगी पडणारा आक्षेप येथे निरुपयोगी ठरतो. त्यात भर म्हणजे ही कारागिरी अजून जिवंत आहे. भारतात आणि पाकिस्तानात जरीचे लष्करी बिल्ले आजही त्याच सुईने, त्याच आरीने भरले जातात आणि जगभर निर्यात होतात. नक्कल करणारा कारागीर मूळ कारागिराचा नातू असू शकतो. तेथे टाका पाहून काय ठरविणार?

ठरवायचे असेल तर साहित्य पाहावे. जुन्या कलाबतूत चांदीचा किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचा अंश असे. तो हवेने काळवंडतो, आणि काळवंडतोही असमान. उंचवट्यावर, जिथे घासले जाते तिथे उजळ, खोबणीत काळा. रसायन लावून काळी केलेली जर सगळीकडे सारखी काळी दिसते आणि खालच्या कापडावरही डाग पडलेले असतात. प्लास्टिकच्या पापुद्र्याची आधुनिक जर तर काळवंडतच नाही. फुगीरपणासाठी आत भरलेला पुठ्ठा किंवा सूत आणि मागे चिकटविलेला कागदही तपासावा. एखाद्या बिल्ल्यामागे वर्तमानपत्राचा कपटा निघाला की पाहणारा हरखून जातो. कपट्यावरील मजकुरावरून बिल्ला त्या तारखेच्या आधीचा नाही, एवढे नक्की कळते. त्यानंतर किती वर्षांनी तो चिकटविला, हे कळत नाही. जुनी रद्दी मिळणे कठीण नाही.

उन्हाळी गणवेशावर एक खास गोष्ट दिसते. हे कपडे सतत धोब्याकडे जात, म्हणून बिल्ला कायमचा न शिवता टिचबटणांनी किंवा हुकांनी लावीत. अशा कोटाच्या बाहीवर टिचबटणांची भोके, त्यांच्याभोवती गंजाचे बारीक वलय आणि बिल्ल्याच्या मागे नेमके त्याच अंतरावर दुसरे अर्धे बटण, हे तिन्ही जुळले तर समाधान मानावे. हे खोटे करायला वेळ लागतो, आणि खोटे करणाऱ्याला वेळ परवडत नाही.

बिल्ल्याखालचे कापड

सर्वांत बोलका पुरावा बिल्ल्यावर नसून बिल्ल्याखाली असतो. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या कोटावर बिल्ल्याने झाकलेली जागा मूळ रंगाची राहते. तिचा आकार आणि वरच्या बिल्ल्याचा आकार एक असला पाहिजे. गोल सावलीवर चौकोनी बिल्ला दिसला, तर पहिला गेला आणि दुसरा आला, हे स्पष्ट आहे. त्याचप्रमाणे कापडावरील सुईची जुनी भोके आणि आजची शिलाई एकाच रेषेत येतात का, ते आतून अस्तराच्या बाजूने पाहावे. कसरीने खाल्लेले भोक बिल्ल्यातून थेट कोटात गेले असेल, तर ते दोघे पुष्कळ काळ एकत्र होते असे मानता येते. कोट जागोजागी खाल्लेला आणि वरचा लोकरी बिल्ला कोरा, हे मात्र पटण्यासारखे नाही. कसर अशी निवड करीत नाही.

बिल्ला जुना दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडविण्याची युक्ती सर्वत्र चालते. अशा बिल्ल्याची मागील बाजूही पुढच्याइतकीच पिवळट असते. खऱ्या बिल्ल्याची मागील बाजू कोटाला चिकटून अंधारात राहिल्याने तेथील रंग बहुधा अधिक ताजे असतात. सुट्या बिल्ल्यामागे डिंक आणि कागदाचे अवशेष दिसले तर दचकू नये. युद्धकाळात इंग्लंडमधील शाळकरी मुले असे बिल्ले वहीत चिकटवून जमवीत, आणि कित्येक अस्सल बिल्ले त्याच वह्यांतून आले आहेत.

प्राण्यांच्या चिन्हांबाबत आणखी एक पाहावे. बिल्ले डाव्या-उजव्या जोडीने येत, म्हणजे दोन्ही बाह्यांवरील प्राणी पुढच्या दिशेला तोंड करून राही. दोन्ही बाह्यांवर एकाच दिशेला पाहणारे कोंबडे असतील, तर एक कोंबडा मागे पळताना दिसतो. घाईत शिपायानेच तसे लावले असणे अशक्य नाही, पण चौकशी करावी.

कोटाचीही तारीख काढणे आवश्यक आहे. हिंदुस्थानात बनलेल्या कपड्यांवर आतल्या बाजूस सरकारी बाणाचे चिन्ह आणि त्यासोबत इंग्रजी 'आय' हे अक्षर आढळते; अनेकदा सालही असते. बटणांवर किंवा हुद्द्याच्या चिन्हांवर राजमुकुट असेल तर ती २६ जानेवारी १९५० पूर्वीच्या पद्धतीची, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरची. खांद्यावरील रेजिमेंटच्या नावाचे स्पेलिंगही बोलते. ब्रिटिश अमदानीत 'मराठा' हा शब्द इंग्रजीत मध्ये 'एच' आणि जोड 'टी' घालून लिहीत. स्वातंत्र्यानंतर आजचे सरळ स्पेलिंग रूढ झाले. आजच्या स्पेलिंगची पट्टी आणि शेजारी 'इटलीतला' बिल्ला, ही जोडी जमत नाही.

येथे एका चिन्हाचा स्वतंत्र उल्लेख हवा. सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नांतून जर्मनीत उभ्या राहिलेल्या हिंदी सैन्यदलाच्या गणवेशावर उजव्या बाहीवर तिरंगी ढाल आणि तीवर झेप घेणारा वाघ असे. दलाची संख्या तीन हजारांच्या आसपास होती. आज विक्रीस दिसणाऱ्या या ढालींचा सुळसुळाट पाहता, प्रत्येकाला खोटी मानून सुरुवात करावी आणि खरी असल्याचे विकणाऱ्याने सिद्ध करावे, हेच बरे. नेताजींविषयीचा आदर हा बाजारात फार सहज विकला जातो.

घरातल्या कोटाचे काय करावे?

बिल्ला उसवू नये, कोट धुऊ नये, इस्त्री तर मुळीच करू नये. सावली, भोके, गंज, दोरा हा सारा पुरावा एका धुण्यात नाहीसा होतो. दोन्ही बाजूंची, अस्तराची आणि लेबलांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून घ्यावीत. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातील अनेक फॉर्मेशन साइनची छायाचित्रे संकेतस्थळावर पाहता येतात. तुलनेसाठी तीच वापरावीत, विक्रेत्यांची नव्हेत.

मग पदके काढावीत. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची पदके बहुतांशी नावाविना दिली. हिंदी सैनिकांच्या पदकांच्या कडेवर मात्र क्रमांक, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार यांपैकी कोणते आहे ते पाहून बिल्ल्याशी ताडून पाहावे. क्लोव्हरची पाने आणि केवळ बर्मा स्टार अशी जोडी निघाली, तर आधी बिल्ल्याकडे संशयाने पाहावे. मात्र बदलीने दुसऱ्या तुकडीत गेलेले सैनिकही होते, हे विसरू नये. सेवापुस्तिका किंवा निवृत्तिवेतनाचा कागद असेल तर उत्तमच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. तिकडे पत्र लिहिताना पदकाच्या कडेवरील क्रमांक जसाच्या तसा, हुद्दा आणि बटालियनसह लिहावा. त्या काळी एकाच गावातले एकाच नावाचे चार-पाच जण पलटणीत असत आणि केवळ नावावरून माणूस सापडत नाही.

कोट मिरविण्याचा मोह झालाच, तर एक कायदेशीर बाब ध्यानात असू द्यावी. सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय दंड विधानाच्या १४० व्या कलमानुसार गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. संग्रहात ठेवण्यास किंवा नाटकात वापरण्यास त्याची आडकाठी नाही.